शेऱ्यासाठी राखलेली जागा

मी बावीस वर्षे एका विमा संस्थेच्या दावे विभागात काम केले. दाव्याच्या अर्जाच्या शेवटच्या पानावर, सहीच्या वर, चार ओळींची एक मोकळी चौकट असे आणि तिच्यावर एकच शब्द छापलेला असे: शेरा. दावा नियमात बसत असेल तर तिथे काही लिहावे लागत नसे. नियमात न बसणारा, पण खरा वाटणारा दावा समोर आला की मात्र आपण नियमापासून का दूर जात आहोत हे त्या चार ओळींत स्वतःच्या अक्षरात लिहून खाली नाव घालावे लागे. पती गमावलेल्या एका बाईंच्या दाव्यात पतीच्या जन्मतारखेत दोन कागदांवर तीन वर्षांची तफावत होती आणि तो दावा फेटाळणे अगदी सोपे होते. मी त्यांच्याशी बोलले, जुने कागद मागवले, शाळेच्या दाखल्यावर तारीख चुकीची कशी पडली असावी हे समजून घेतले आणि शेरा लिहिला. वरिष्ठांनी दोन प्रश्न विचारले आणि सही केली.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत ती चौकट गेली. प्रत्येक दावा आधी एका प्रणालीतून जाऊ लागला आणि ती त्याला संशयाचा एक आकडा देऊ लागली. आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की दावा थांबे. तो वर का गेला हे आम्हाला दिसत नसे. आकड्याच्या विरुद्ध निर्णय द्यायचा असेल तर सात ठरलेल्या कारणांच्या यादीतून एक निवडावे लागे, आणि कोणत्या अधिकाऱ्याने आकड्याविरुद्ध किती वेळा निर्णय दिला याचा तक्ता दर महिन्याच्या शेवटी निघे. प्रणालीशी असहमत होऊ नका, असे आम्हाला कोणी कधी सांगितले नाही. तक्ता निघतो एवढे ठाऊक असणे पुरेसे होते. सहा महिन्यांत आमच्या विभागातले मतभेद जवळजवळ संपले आणि प्रणाली अचूक असल्याचा पुरावा म्हणून तीच गोष्ट बैठकीत मांडली गेली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआयच्या) धोक्यांविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. मे २०२३ मध्ये या क्षेत्रातील अनेक शास्त्रज्ञांनी आणि कंपन्यांच्या प्रमुखांनी एका वाक्याच्या निवेदनावर सह्या केल्या आणि या तंत्रज्ञानामुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका महासाथी व अणुयुद्ध यांच्या बरोबरीने गंभीर मानावा, असे जगाला सांगितले. आजच्या एआयमागील न्यूरल नेटवर्क या तंत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले जेफ्री हिंटन त्याच महिन्यात गूगलमधून बाहेर पडल्याचे जाहीर करून या धोक्यांवर मोकळेपणाने बोलू लागले. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. परंतु त्या टोकाकडे पाहताना अलीकडचे एक नुकसान नजरेतून सुटते, आणि ते माझ्या टेबलावर घडले म्हणूनच कदाचित मला इतके स्पष्ट दिसते. सत्ता राबवायला आजवर माणसे लागत आली आहेत आणि जिथे माणूस लागतो तिथे त्याच्या नकाराची शक्यता शिल्लक राहते. कारकून फाईल अडवू शकतो, शिपाई बंदूक खाली ठेवू शकतो, कामगार यंत्र बंद करू शकतो. कोणत्याही राज्यघटनेत लिहिलेले नसले तरी हे सत्तेवरचे सर्वांत जुने बंधन आहे आणि एआयच्या वाढीबरोबर ते कोणताही कायदा न बदलता सैल होत चालले आहे.

नेदरलँड्समध्ये जे घडले ते मी जेव्हा प्रथम वाचले तेव्हा मला माझ्या टेबलाची आठवण झाली. तेथील कर खाते बालसंगोपन भत्त्याचे अर्ज तपासण्यासाठी स्वतः शिकत जाणारी एक जोखीमप्रणाली वापरत असे आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही हा त्या प्रणालीतील एक निकष होता. जोखमीचा आकडा वर आला की अर्ज तपासणीसाठी कर्मचाऱ्याकडे जाई, पण आकडा वर का आला हे त्या कर्मचाऱ्याला सांगितले जात नसे. म्हणजे माणसाने केलेली तपासणी कागदोपत्री होती, परंतु तपासायचे काय हेच त्या माणसाला ठाऊक नव्हते. एखादी सही राहिली किंवा स्वतःच्या हिश्शाची लहानशी रक्कम भरायची राहिली तरी मिळालेला सगळा भत्ता परत मागितला जाई. वीस हजारांहून अधिक पालक चुकीने लबाड ठरले, हजारो युरोंच्या वसुलीखाली संसार मोडले आणि बाधित कुटुंबांतील हजाराहून अधिक मुले आईवडिलांपासून दूर, सरकारी देखरेखीखाली गेली. १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने या प्रकरणामुळे राजीनामा दिला. दोष एकट्या प्रणालीचा नव्हता, हे मला मान्य आहे. वसुलीचा नियम निष्ठुर होता आणि न्यायालयांनीही तो वर्षानुवर्षे तसाच उचलून धरला. परंतु निष्ठुर नियम आजवर माणसांच्या हातून जात असत आणि त्या हातांपैकी काही थरथरत, काही थांबत. इथे थांबण्यासाठी लागणारी माहितीच हातांना मिळाली नाही.

ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ योजनेत तर बुद्धिमत्ता म्हणावे असे काहीही नव्हते. वर्षाच्या उत्पन्नाला पंधरवड्यांनी भागून सरासरी काढायची, ती सरकारी मदत घेणाऱ्याने कळवलेल्या उत्पन्नाशी ताडून पाहायची आणि फरक निघाला की थेट वसुलीचे पत्र पाठवायचे, एवढेच ते गणित होते. ज्याला वर्षातले काही महिनेच काम मिळाले त्याच्यासाठी ही सरासरी खोटी ठरणार हे पूर्वी हाताने तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सहज लक्षात आले असते. ती तपासणी काढून टाकली गेली आणि आपण ऋणी नाही हे सिद्ध करण्याचा भार लोकांवर टाकला गेला. चार लाखांहून अधिक लोकांकडे बेकायदा वसुली लावली गेल्यानंतर योजना मागे घ्यावी लागली, आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने आपल्या अहवालात तिच्यावर अत्यंत कठोर शब्दांत ताशेरे ओढले. भागाकार एवढे करू शकतो, तर आपल्या निर्णयाचे सुसंगत आणि विश्वास वाटेल असे स्पष्टीकरण स्वतःच लिहून देणारी प्रणाली किती करू शकेल, याचा विचार करावा. भागाकारातील चूक निदान दाखवता तरी येते.

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला टाळायचा नाही. माणसाचा स्वविवेक म्हणजे काही पवित्र गोष्ट नव्हे. ज्या चौकटीत मी त्या बाईंसाठी शेरा लिहिला, त्याच चौकटीत इतरांनी ओळखीच्या लोकांसाठी, पैशासाठी आणि जातीपातीच्या ओढीने शेरे लिहिलेले मी पाहिले आहेत. खिडकीपाशी उभ्या असलेल्या गरिबाला त्या मोकळ्या जागेचा अनुभव अनेकदा दयेचा नव्हे, तर अपमानाचा आलेला असतो, आणि यंत्र सर्वांना एकाच मापाने मोजेल ही त्याची आशा मला खोटी वाटत नाही. काही बाबतींत ती खरीही ठरेल. तरीही दोन अन्यायांत फरक आहे. माणसांचा अन्याय विखुरलेला असतो. एका टेबलावर अडलेले काम दुसऱ्या टेबलावर सुटू शकते आणि अडवणाऱ्याचे नाव घेऊन तक्रार करता येते. प्रणालीतील एक चूक मात्र एकाच वेळी, एकाच स्वरूपात, सर्व खिडक्यांवर बसलेली असते. ज्याला एका ठिकाणी नाकारले त्याला सगळीकडे नाकारले जाते आणि ते का, हे सांगू शकणारे कोणी समोर नसते. लाचखोर कारकुनावर उपाय म्हणून कारकुनाची चौकशी करावी. विवेकाची जागाच रद्द करू नये.

कायदा करणाऱ्यांना हा धोका अजिबात कळलेला नाही असे नाही. युरोपीय संघाचा माहिती संरक्षणाचा कायदा मे २०१८ पासून लागू आहे आणि केवळ यंत्राने घेतलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयापासून तो व्यक्तीला संरक्षण देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेला तेथील कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा अधिक जोखमीच्या प्रणालींवर मानवी देखरेख बंधनकारक करतो, आणि यंत्राच्या उत्तरावर गरजेपेक्षा जास्त विसंबण्याची माणसाची प्रवृत्तीही त्यात नावानिशी नोंदवलेली आहे. हे पाऊल मला मोलाचे वाटते. माझी काळजी पुढची आहे. देखरेख करणारा माणूस नेमला म्हणजे नकार देणारा माणूस नेमला, असे होत नाही. ज्याला दिवसाला दोनशे प्रकरणे पाहायची आहेत, कारण दिसत नाही, आणि असहमत झाल्यास ज्याच्या नावापुढे आकडा वाढतो, तो माणूस सहीचा शिक्का होऊन जातो.

आणि चूक झाली की तोच माणूस पुढे केला जातो. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी शहरात उबर कंपनीच्या स्वयंचलित चाचणी मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि ती मृत्युमुखी पडली. मोटारीच्या प्रणालीला समोर काहीतरी आहे हे धडकेच्या पाच सेकंदांहून अधिक आधी कळले होते, पण ते काय आहे हे तिला ठरवता आले नाही, आणि मोटारीची मूळची आपत्कालीन ब्रेक यंत्रणा चाचणीच्या वेळी बंद ठेवलेली होती. चालकाच्या जागेवर बसलेल्या महिलेचे लक्ष रस्त्यावर नव्हते, तिची चूक खरीच होती. परंतु फौजदारी खटला तिच्या एकटीवर चालला. कंपनीवर फौजदारी गुन्हा नोंदवण्याइतका आधार नाही, असे अभियोक्त्यांनी ठरवले. तासन्‌तास काहीही न करता केवळ लक्ष ठेवणे माणसाला नीट जमत नाही हे जुने ज्ञान आहे. तरीही अशी जागा निर्माण करून तिथे माणूस बसवला जातो, आणि दोष वाहून नेण्यापलीकडे त्याच्या हातात फारसे काही उरत नाही.

पोलिसांच्या बाबतीत हेच अधिक भयावह रूप घेते. जॉय बुओलाम्विनी आणि तिमनित गेब्रू या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले होते की चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणालींची चूक गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत एक टक्क्याहून कमी, तर सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत जवळपास ३५ टक्क्यांपर्यंत जाते. इतके ठाऊक असूनही जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी चेहरा जुळवणाऱ्या यंत्राच्या चुकीच्या जुळणीवरून एका कृष्णवर्णीय गृहस्थाला त्याच्या घरासमोर, पत्नी आणि लहान मुलींच्या देखत अटक केली आणि सुमारे तीस तास कोठडीत ठेवले. दुकानातील चोराचे छायाचित्र त्याने स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरून दाखवले, तेव्हा फरक उघड होता. साध्या डोळ्यांना दिसणारी गोष्ट पाहणारे डोळे त्या सबंध साखळीत होते, परंतु यंत्राने आधीच उत्तर दिल्यामुळे कोणी पाहिले नाही. त्याने पुढे दाखल केलेल्या खटल्यात २०२४ साली झालेल्या तडजोडीनुसार तेथील पोलिसांना आता केवळ यंत्राच्या जुळणीवरून अटक करता येत नाही. एका माणसाने चार वर्षे चिकाटीने लढा दिला म्हणून हा नियम आला.

आता हाच धागा राज्यसत्तेपर्यंत न्यावासा वाटतो, कारण खरा राजकीय धोका मला तिथे दिसतो. पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलीस खात्यात १९८९ साली सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते आणि त्यांच्या जोडीला दीड लाखांहून अधिक खबरे, तेही जेमतेम एक कोटी साठ लाख लोकसंख्येच्या देशात. लोकांची पत्रे उघडून वाचायला, फोन ऐकायला आणि फायली लिहायला एवढी माणसे लागत होती. त्यांना पगार द्यावा लागे, त्यांना विश्वासात घ्यावे लागे, आणि त्यांचीही घरेदारे त्याच समाजात होती. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बर्लिनच्या भिंतीवरील बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यापाशी हजारो लोक जमले, तेव्हा कामावर असलेले अधिकारी हाराल्ड येगर यांनी वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन केले. स्पष्ट आदेश मिळाला नाही आणि अखेर त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडले. भिंत कोसळण्यामागे कारणे अनेक होती, परंतु त्या रात्री त्या फाटकापाशी एक माणूस होता आणि समोरची गर्दी त्याला माणसांची दिसत होती.

आज कोट्यवधी लोकांचे संदेश, आवाज, चेहरे आणि हालचाली वाचून त्यांचा अर्थ लावणे हे काम एक लाख कर्मचाऱ्यांशिवाय होऊ शकते. पाळत ठेवणे स्वस्त झाले, एवढ्यावरच हे थांबत नाही. पाळत ठेवणाऱ्यांच्या मनात जी चलबिचल होऊ शकत असे, तीही संपली. हुकूमशहाला आपल्याच सैनिकांची आणि आपल्याच कारकुनांची भीती वाटणे हे प्रजेसाठी एक संरक्षण होते. कामगारांच्या बाबतीतही असेच आहे. यंत्रे किती नोकऱ्या घेतील याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी, परंतु नोकरी म्हणजे केवळ पगार नसतो. काम थांबवण्याची ताकदही तिच्याबरोबर येते. अमेरिकेतील पटकथालेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप करून एआयच्या वापरावर अटी मान्य करून घेतल्या, कारण त्यांच्याशिवाय काम पुढे जात नव्हते. ज्या दिवशी त्यांच्याशिवाय काम पुढे जाईल त्या दिवशी अटी कोण मान्य करेल? ज्या सरकारला प्रजेच्या श्रमाची आणि करांची गरज उरत नाही, त्याला प्रजेचे ऐकण्याचे कारणही फारसे उरत नाही. काही तेलसंपन्न राजवटींचा इतिहास हेच सांगतो. शिवाय सर्वांत प्रगत प्रणाली घडवण्याइतके भांडवल आणि संगणकबळ जगातल्या मोजक्या कंपन्यांकडे आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या अतिसूक्ष्म चिपा कोरणारी यंत्रे तर नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनवते.

मतपेटीतून दिलेला नकार मात्र अजून आपल्याकडे आहे, असे कोणी म्हणेल. तो देण्यासाठी खरे काय घडले हे कळावे लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये स्लोव्हाकियात मतदानाच्या दोन दिवस आधी, प्रचारबंदीच्या काळात, मिखाल शिमेचका या नेत्याच्या आवाजातील एक बनावट ध्वनिफीत पसरली. तीत ते निवडणुकीत गैरप्रकार करण्याविषयी बोलत असल्याचे ऐकू येत होते. त्यांचा पक्ष हरला; पराभव त्या ध्वनिफितीमुळे झाला असे म्हणता येणार नाही. त्याहूनही मला अधिक अस्वस्थ करते ते आफ्रिकेतील गॅबॉन या देशाचे उदाहरण. आजारपणामुळे काही महिने दिसेनासे झालेले राष्ट्राध्यक्ष अली बोंगो यांची चित्रफीत २०१९ च्या नववर्षानिमित्त प्रसारित झाली, ती डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेली हुबेहूब बनावट, असल्याची चर्चा सुरू झाली, आणि ७ जानेवारीला सैन्यातील एका गटाने बंडाचा प्रयत्न केला. चित्रफीत बनावट असल्याचे कधीही सिद्ध झाले नाही. खोटे बनवता येते एवढी जाणीवच खऱ्याला संशयास्पद करायला पुरेशी ठरली. यापुढे भ्रष्टाचाराची खरी ध्वनिफीत बाहेर आली तरी संबंधित नेता ती बनावट आहे असे म्हणून मोकळा होईल, आणि सामान्य मतदार थकून दोन्हींवरचा विश्वास सोडून देईल.

युद्धाविषयी लिहिताना मला सोव्हिएत लष्करी अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांच्याशिवाय दुसरे नाव सुचत नाही. २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्रीनंतर सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेतून आधी एक आणि मग आणखी चार क्षेपणास्त्रे सुटल्याचे सांगितले. यंत्रणा आपल्या निष्कर्षाची पूर्ण खात्री दाखवत होती. पेत्रोव्ह यांनी विचार केला की खरा हल्ला पाच क्षेपणास्त्रांनी होणार नाही. जमिनीवरील रडारवरही काही दिसत नव्हते. त्यांनी हा खोटा इशारा असल्याचे वर कळवले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये जो बायडेन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रांच्या वापराचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा यावर सहमती दर्शवली, ही चांगली गोष्ट आहे. परंतु निर्णय माणसाच्या हाती असणे आणि त्या माणसापाशी शंका घेण्याइतका वेळ, माहिती आणि धैर्य असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. विश्लेषण, लक्ष्य निवडणे आणि प्रतिहल्ल्याचा सल्ला ही सगळी कामे काही सेकंदांत करणारी यंत्रणा शेवटी एक बटण माणसापुढे ठेवेल, तेव्हा पेत्रोव्ह यांना मिळालेली ती काही मिनिटे त्याला मिळणार नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी कोणत्याही तज्ज्ञाच्या अधिकाराने करत नाही. जिथे यंत्र माणसाच्या भत्त्याविषयी, अटकेविषयी, नोकरीविषयी किंवा जिवाविषयी मत देईल, तिथे ते मत फिरवण्याचा खरा अधिकार असलेली, नाव ठाऊक असलेली एक व्यक्ती असावी. यंत्राने ते मत का दिले हे तिला दिसावे. तिला पुरेसा वेळ मिळावा. आणि यंत्राशी असहमत झाल्याबद्दल तिचे नुकसान होऊ नये. सिद्ध करण्याचा भार संस्थेवर असावा, नागरिकावर नसावा. यामुळे कामाचा वेग कमी होईल आणि खर्च वाढेल. तो खर्च करावा लागेल हे उघडपणे सांगावे, कारण वेग वाढावा आणि देखरेखही राहावी असे एकाच दमात दिलेले आश्वासन मी जवळून पाहिले आहे.

माझी एक तरुण सहकारी अजून त्याच विभागात आहे. मागच्या वर्षी तिच्याकडे एक दावा आला. आकडा मर्यादेच्या बराच वर होता आणि सात कारणांपैकी एकही त्याला लागू पडत नव्हते. तिने अर्जदाराला भेटून सहा पानांचे टिपण तयार केले, प्रणालीत ते जोडायला जागा नव्हती म्हणून छापून थेट वरिष्ठांच्या टेबलावर ठेवले आणि खाली आपले नाव लिहिले. चार महिन्यांनी दावा मंजूर झाला. त्या महिन्याच्या तक्त्यात तिच्या नावापुढचा आकडा एकने वाढला आणि तो कमी करण्याची विनंती तिने केलेली नाही.